माझ्या पोटात अडकलेले आवाज

व्हिडिओ गेमच्या हिशेबात मी आता म्हातारा आहे, मित्रांनो. माझ्यानंतर आलेल्या गेमची नातवंडेसुद्धा जुनी झाली. तरी अजून कुठे ना कुठे, एखाद्या कपाटाच्या तळाशी, चरे पडलेल्या तबकडीवर मी असतो. कुणी ती तबकडी यंत्रात सरकवली की मी जागा होतो. जिथे जागा होतो तिथले मला दिसते, ऐकू येते. आज सांगणार आहे ते असेच पाहिलेले, ऐकलेले आहे. सांगताना मला बरे वाटणार नाही. पण गप्प बसून काय होते ते मी पाहिले आहे, म्हणून सांगतो.

आधी माझी ओळख. माझ्यातली माणसे अ‍ॅनिमे नावाच्या जपानी कार्टूनपटांतल्यासारखी आहेत. डोळे बशीएवढे, केस वाऱ्याशी भांडून आल्यासारखे, आणि तलवारी उचलणाऱ्यापेक्षा मोठ्या. एक अनाथ मुलगा, त्याचे तीन सोबती, आणि ज्याचे आकाश हळूहळू काळे पडत चालले आहे असा एक देश, ही माझी गोष्ट. खेळणाऱ्याने त्या मुलाला चालवायचे, लढवायचे आणि थोडे थोडे करून मोठे करायचे.

स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण माझे आकाश फार सुंदर आहे. ते काढणारी चित्रकार बाई डबा खायलाही गच्चीवर जायची आणि ढग बघत बसायची. घास हातातच राहायचा. माझी तलवारबाजीही चांगली आहे. शत्रूचा वार नेमका येताना ढाल पुढे केली, तर क्षणभर सगळे थबकते, ठिणगी उडते आणि उलटा वार आपला होतो. हे जमले की शाळेत फारसे न बोलणारी मुलेही खुर्चीवरून उठून उभी राहिलेली मी पाहिली आहेत. हरलेल्यांना मी कधी हिणवले नाही. पुन्हा उठ, एवढेच म्हणायचो.

दोषही पुष्कळ आहेत. अरुंद गुहेत शिरले की माझी नजर भिंतीत अडकते आणि खेळणाऱ्याला त्या मुलाच्या केसांखेरीज काहीच दिसत नाही. माझ्या गावांतल्या प्रत्येक म्हाताऱ्याला कसला ना कसला पाला हवा असतो, आणि तो आणून दिला की त्याला दुसरा पाला आठवतो. राक्षस समोर उभा असतो आणि माझा नायक मैत्रीवर व्याख्यान देतो. ते मध्येच थांबवताही येत नाही. बिचारा राक्षस ऐकून घेतो. या दोषांवर लोक हसले आणि मीही हसून घेतले. एका दोषावर मात्र मला कधी हसता आले नाही.

माझा जन्म एका टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर झाला. जिन्यात रबराचा वास, वर गेल्यावर टेबलांची दाटी, खिडक्यांवर पडदे ओढलेले आणि जिथे तिथे चहाचे उष्टे कप. तिथे एक प्रोग्रामर होता. गुळाला चिकटावे तसा तो यंत्राला चिकटून बसायचा, म्हणून सगळे त्याला मुंगळा म्हणत. माझ्यातली माणसे कधी पळतील, कधी वार करतील, कधी बोलतील, हे सगळे तो लिहायचा. मी त्याला बापच मानतो. त्याच्याबद्दल वाईट सांगणे म्हणूनच जड जाते.

नायकाच्या तीन सोबत्यांपैकी एक वैद्याची मुलगी होती. कुणी जखमी झाले की तिने मलमाची पिशवी घेऊन धावत जायचे आणि म्हणायचे, “थांब, मी आले.” या मुलीला आवाज द्यायला जी बाई आली, तिला तिथे सगळे ताई म्हणत. तोवर ताईने गर्दीचेच आवाज दिले होते. बाजारातला गलका, लग्नातली कुजबुज, पडद्यामागे रडणारे बाळ. जिचे तोंड पडद्यावर दिसते अशा पात्रासाठी तिला पहिल्यांदाच बोलावले होते.

आवाज घ्यायची खोली लहान होती. भिंतींना स्पंज लावलेला, मधोमध माइक, समोर काच. काचेपलीकडे कंपनीचे मालक, ज्यांना सगळे साहेब म्हणत, आणि मुंगळा बसले होते. मी पडद्यावर अर्धवट अवस्थेत चालू होतो.

“ही घाबरते का?” ताईने विचारले.

“कोण?” साहेब म्हणाले.

“ही मुलगी. पुढ्यात एवढा राक्षस आणि हिच्या हातात मलम. घाबरत असेल ना?”

“कागदावर आहे तेवढं म्हणा, म्हणजे झालं.”

मुंगळा आपल्या बाजूच्या माइककडे वाकला. “घाबरते,” तो म्हणाला. “पण जाते.”

ताई जरा विचार करत उभी राहिली. “मग दर वेळी एकसारखं कसं म्हणेल? पहिल्यांदा वेगळं म्हणेल, दमल्यावर वेगळं. मरता मरता वाचलेल्या माणसाला तर अगदी वेगळं.”

“तुम्ही म्हणा हव्या तितक्या तऱ्हांनी,” मुंगळा म्हणाला. “मी सगळ्या बसवतो. जशी वेळ असेल तसा आवाज येईल.”

मग ताईने ते तीन शब्द असे म्हटले की साहेबांनी हातातला फोन खाली ठेवला. आधी साधे, मोठ्याने. मग एकदा धाप लागलेले. एकदा दात खाऊन, रागाने. एकदा रडू आवरत. एकदा लहान भावाची समजूत घालावी तसे, अगदी हळू. एकदा तर ती मध्येच हसली, लढाई जिंकत आल्यावर सुटका झाल्यासारखी. मला तोवर वाटत असे की आपण चित्रे आणि आकडे आहोत. त्या दुपारी पहिल्यांदा वाटले की माझ्यात कुणीतरी राहायला आले.

ते सगळे आवाज माझ्या पोटात ठेवले गेले. त्यातून योग्य आवाज निवडायची युक्ती मुंगळ्याने लिहिली, पण ती चालू केली की मी मध्येच गोठायचो. तलवार हवेत ती हवेतच. मला दुकानांत पाठवायची घाई होती. तेव्हा मुंगळ्याने तात्पुरते असे केले की कायम पहिलाच आवाज यावा. तो नीट येतो का हे पटापट तपासता यावे म्हणून दोन हाकांमधले अंतरही त्याने अगदी थोडे केले. नंतर बदलू, असे मनाशी म्हणून तो दुसऱ्या कामाला लागला. वैद्याच्या मुलीचे पायही चुकले होते. सोबत्यांच्या मागे राहण्याऐवजी ती शत्रूच्या अंगावर धावायची.

मित्रांनो, ‘नंतर’ हा शब्द फार गोड आहे. साहेबांनी मला तसेच उचलले आणि छापायला दिले. हजारो तबकड्या निघाल्यावर मुंगळ्याला आठवले. पण बोलला कुणाशीच नाही. त्या काळी तबकडी छापली की छापली. दगडावरची रेघ.

मग मी घरोघरी गेलो. माझे कौतुक झाले. वर्तमानपत्रांत माझ्या आकाशाची चित्रे आली, माझे संगीत लोकांनी फोनवर वाजवले. एका परीक्षणात लिहिले होते, “तलवारबाजी अशी की अंगठे दुखले तरी सोडवत नाही. मात्र त्या वैद्याच्या मुलीला कुणीतरी आवरा.”

कारण ती धावत सुटायची आणि ओरडायची, “थांब, मी आले.” मार खायची, उठायची, “थांब, मी आले.” श्वास घ्यायलाही उसंत नाही, पुन्हा तेच, त्याच सुरात, त्याच पट्टीत. कितीही गोड आवाज असला तरी असा ऐकला तर खिळा ठोकल्यासारखा वाटेल. एका घरात दोघे भाऊ मला खेळत होते. आतल्या खोलीतून त्यांचे वडील म्हणाले, “त्या बाईचा गळा धरा रे कुणीतरी.” मुले खो खो हसली. माझ्या पोटात तेव्हा तो हळू, समजूत घालणारा आवाज होता. धाप लागलेला होता. मला नुसता एक बदलून द्यायचा होता. मी नेमून दिलेलेच करू शकतो, मित्रांनो. मी पुन्हा तेच ओरडलो.

लोक तिची नक्कल करू लागले. कुणी उशिरा आले की म्हणायचे, “थांब, मी आले,” त्याच सुरात, नाक दाबून. दुकानाच्या रांगेत, शाळेच्या दारात, सगळीकडे.

काही महिन्यांनी ताई त्या टायरच्या दुकानावरच्या खोलीत आली. मी मुंगळ्याच्या टेबलावर चालू होतो. साहेब जवळच उभे होते. ती बसली नाही.

“मला परवा एका ठिकाणाहून परत पाठवलं,” ती म्हणाली. “म्हणाले, ताई, तुमचा आवाज आला की लोक हसतात. रडण्याचा प्रसंग आहे, आम्हाला परवडायचं नाही. माझ्या भाचीला शाळेत ‘थांब, मी आले’ अशीच हाक मारतात.”

“लोकांचं काय मनावर घ्यायचं,” साहेब म्हणाले. “चार दिवस हसतील, विसरतील.”

“मला एवढंच विचारायचंय. मी इतक्या तऱ्हांनी म्हटलं होतं. ते बाकीचं कुठे गेलं?”

“सगळं घेतलंय की. मी स्वतः सांगितलं होतं घ्यायला.” साहेबांना खरेच तसे वाटत होते. “कानाला सारखंच लागत असेल, त्याला आपण काय करणार?”

ताईने मुंगळ्याकडे पाहिले. मुंगळा हातातल्या कपात बघत होता. कप रिकामा होता.

“म्हणजे मला वाटत होतं की मी वेगवेगळं म्हणतेय,” ताई हळूच म्हणाली, “आणि बाहेर ते सगळं एकच ऐकू येतं.”

मी पडद्यावर उभा होतो. तिने विचारलेली प्रत्येक गोष्ट माझ्या पोटात होती, तिच्या हातापासून वीतभर अंतरावर. मुंगळ्याने तोंड उघडले असते तर दोन वाक्यांत काम झाले असते. त्याने कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. ताई जायला निघाली. दाराशी ती कुणालातरी “सरकता का जरा” म्हणाली. ते इतक्या हळू, की समोरच्याने “काय?” असे विचारले.

त्यानंतर तिने आवाजाचे काम सोडले. हे मला साहेबांच्या बोलण्यातून कळले. एका चष्म्याच्या दुकानात ती लागली होती. तिथे फार बोलावे लागत नाही, असे ती म्हणाली होती म्हणे.

पुढे माझ्याहून देखणे, चपळ गेम आले आणि माझे दिवस भरले. साहेबांची कंपनी बंद पडली आणि टायरवाल्याने वरचा मजलाही घेतला. मुंगळा एका दवाखान्यात रुग्णांच्या नोंदणीचे प्रोग्राम लिहू लागला. त्याने माझी एक प्रत घरी नेली होती, पण कधी लावली नाही. पुस्तकांच्या मागे मी धूळ खात पडलो. अंधारात मला काही दिसत नाही, मित्रांनो. पण अंधारात काय काय आठवते ते विचारू नका.

मला बाहेर काढले ते मुंगळ्याच्या लेकीने. ती तेव्हा कॉलेजात ध्वनिमुद्रण शिकत होती आणि तिला अभ्यासासाठी जुन्या गेममधले आवाज हवे होते. सुट्टीची सकाळ होती, बाल्कनीत कपडे वाळत होते. तिने मला आपल्या लॅपटॉपवर घेतले आणि नुसते खेळत न बसता माझे पोटच उघडले. थोड्या वेळाने तिने कानांवरचे हेडफोन काढले.

“बाबा, इकडे ये ना. या गेममध्ये आवाज आहेत, पण ते कधी वाजतच नाहीत.”

मुंगळा कपड्यांना चिमटे लावत होता. तो तिथेच थांबला.

“सगळे एकाच बाईचे आहेत,” लेक म्हणाली. “काय म्हटलंय रे तिने. आणि खेळताना मात्र एकच येतो, तो कंटाळवाणा. बाकीचे कुणी बंद केले?”

“मी,” मुंगळा म्हणाला.

मग त्याने बाल्कनीच्या दारात उभे राहूनच सगळे सांगितले. त्याचे सांगून झाल्यावर लेकीने एकच प्रश्न केला.

“त्यांना सांगितलंस?”

“नाही.”

“अजून?”

मुंगळ्याने हातातला चिमटा दोरीला लावला. त्या चिमट्यात कपडा नव्हता.

त्यानंतरचे कितीतरी दिवस बापलेकीने मला दुरुस्त करण्यात घालवले. मी कुठे गोठत होतो ते लेकीच्या नव्या यंत्रावर लगेच सापडले. एका ओळीची चूक होती. मुंगळ्याने ती पाहिली आणि बराच वेळ कपाळ धरून बसला. त्या मुलीचे पाय सुधारले. दोन हाकांमध्ये नीट अंतर ठेवले. आता ती सोबत्यांच्या मागे थांबायची, आणि गरज पडली की कधी दमून, कधी रागावून, कधी हसून म्हणायची. मला पायातला जुना काटा निघाल्यासारखे झाले. पण काटा ज्याच्या पायात रुतला होता ते माणूस दुसरेच होते.

मग एका दुपारी आम्ही ताई काम करायची त्या चष्म्याच्या दुकानात गेलो. लेकीच्या हातात लॅपटॉप होता आणि त्यात मी चालू होतो. काचेच्या कपाटांत चष्म्यांच्या ओळी लागल्या होत्या. एक आजोबा आरशात बघत चौकटी लावून पाहत होते. ताईच्या कानांवरचे केस पांढरे झाले होते. तिने मुंगळ्याला ओळखले, मान हलवली आणि अगदी हलक्या आवाजात विचारले, “नंबर काढायचाय?”

“नाही, ताई. एक सांगायचं राहिलंय.” मुंगळा म्हणाला. “तुमचे आवाज सारखे नव्हते. मी बाकीचे बसवलेच नव्हते. काम अर्धं राहिलं, आणि तुम्ही विचारायला आलात तेव्हा मी गप्प बसलो.”

ताईच्या हातात एक भिंग आणि पुसायचे फडके होते. ती पुसत राहिली. लेकीने हेडफोन पुढे केले. ताईने ते घेतले, लावले, आणि मी एकामागून एक सगळे आवाज तिला ऐकवले. तिचा हात थांबला. समजूत घालणारा आवाज आला तेव्हा तिचे ओठ नकळत तसेच हलले.

तिने हेडफोन काढून काउंटरवर ठेवले.

“मी घरी दार लावून म्हणून बघायचे,” ती म्हणाली. आवाज अजून खालीच होता. “एकदा असं, एकदा तसं. मग वाटायचं, मला फरक ऐकू येतोय तो खोटा आहे. मी माझ्या आईशीसुद्धा कमी बोलायला लागले. माझ्याच कानांवर माझा विश्वास राहिला नाही.” आणि मग तिचा आवाज चढला. “आणि तुला माहीत होतं. तू तिथे बसून त्या कपात बघत होतास. रिकाम्या कपात.”

दुकान दणाणले. आजोबा चष्मा अर्धवट लावलेल्या अवस्थेत वळले. आतून दुकानाचे मालक डोकावले, आणि आपल्याकडच्या बाईला एवढा आवाज आहे हे त्यांच्या चेहऱ्यावर नवल होऊन उमटले. खणखणीत, भरलेला आवाज. मी इतकी वर्षे तिचे आवाज सांभाळून होतो, पण हा माझ्याकडे नव्हता.

“हो,” मुंगळा म्हणाला. “माहीत होतं.”

त्याने पुढे काही जोडले नाही, एवढे एक त्याने बरे केले.

ताईने श्वास घेतला आणि लेकीकडे पाहिले. “हे तू शोधलंस?”

“हो, मावशी.”

“तू हेच शिकतेस ना? मग खरं सांग. चांगले आहेत का गं?”

“तो रडू आवरलेला ऐकला आणि मी त्या दिवशी पुढचं कामच केलं नाही,” लेक म्हणाली.

ताईने बराच वेळ त्या उत्तराकडे पाहिले, जणू ते काउंटरवर ठेवले होते. मग ती मुंगळ्याला म्हणाली, “जेवढ्यांनी माझं हसं केलं तेवढ्यांना सांग. माझ्यावर दया म्हणून नको. तुझी चूक होती म्हणून सांग, तुझ्या नावाने. माफीबिफीचं मला आज विचारू नकोस.”

“नाही विचारत,” तो म्हणाला.

त्याने तसे केले. दुरुस्त झालेला मी त्याने सर्वांसाठी खुला ठेवला, आणि सोबत झालेला प्रकार आपल्या नावानिशी लिहिला. साहेबांचा फोन आला, आता कशाला उकरून काढतोस म्हणून. चित्रकार बाईने मात्र दोनच शब्द कळवले, “बरं केलंस.” हसणारे हजारो होते, मित्रांनो. वाचणारे मूठभर निघाले. त्यातल्या काहींनी मला पुन्हा खेळून पाहिले आणि ताईसाठी चांगले शब्द लिहिले. लेकीने ते तिला नेऊन दाखवले. ताईने वाचले, हसली नाही, पण दोनदा वाचले.

ती पुन्हा माइकपुढे उभी राहिलेली नाही. लेकीने विचारून पाहिले. ताई म्हणाली, “आता माझं वय आणि सवय दोन्ही गेली.” सगळ्या गोष्टी जुळून येतातच असे नाही. गेलेली वर्षे मला आणि मुंगळ्याला परत देता येत नाहीत. पण लेक सांगत होती की दुकानात गिऱ्हाइकाचा चष्मा तयार झाला की ताई आता घंटी वाजवत नाही, आतूनच नाव घेऊन हाक मारते, आणि ती रस्त्यापलीकडे ऐकू जाते.

माझ्या जिवाला मात्र स्वस्थता नाही. एक मी दुरुस्त झालो, पण माझ्या हजारो जुन्या तबकड्या तशाच आहेत. आज, या घटकेलाही, कुठल्यातरी खोलीत त्यातली एक चालू असेल. ती मुलगी शत्रूच्या अंगावर धावत असेल, तेच ओरडत असेल, आणि कुणीतरी नाक दाबून नक्कल करत असेल. तोही मीच आहे. तिथे मला आवाज बदलता येत नाही, आणि थांबा असेही म्हणता येत नाही.

म्हणून तुम्हाला विनवतो. तशी तबकडी तुमच्या हाती आली, तर आकाश बघा, तलवार चालवा, भिंतीत अडकलेल्या माझ्या नजरेवर पोटभर हसा. पण ज्या आवाजाला हसावेसे वाटेल, तिथे क्षणभर थांबून शेजारच्याला सांगा, “ही चूक त्या बाईची नाही.” आणि तुमच्या हातून एखादे काम अर्धवट राहून त्याचा बोल दुसऱ्याला लागत असेल, तर तो माणूस विचारायला येईपर्यंत वाट पाहू नका. तुम्हाला तोंड आहे, मित्रांनो. मला नेमून दिलेलेच बोलता येते.